पळीभर तीर्थ

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाणी देतात. मातीचा करा, त्यात वाळा घातलेलं गार पाणी, वर एक आंबा, आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन तो दान करायचा. लग्न होऊन या कोळवणच्या खोऱ्यात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. एकदाही चुकवलं नाही. सोमवार, चतुर्थी, श्रावणातले शुक्रवार, सगळं करते. हात देवाच्या कामात असले की मन जागेवर राहतं, म्हणून करते. त्या सकाळीही माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तुम्ही माझी बाजू शोधाल. मीही पुष्कळ शोधली.

करा देऊन घरी आले तर ह्यांनी जीप अंगणात घेतलेली, बॉनेट उघडून फडक्यानं पुसापुशी चाललेली. आमचे हे, म्हणजे हैबतराव, कोळवण ते पौड जीप चालवायचे. शेतीपेक्षा त्यांचा जीव त्या जीपवर. मी आरतीचं तबक आणि तीर्थाची पळी-पंचपात्री घेऊन गाडीच्या पूजेला आले, आणि सहज विचारलं, "ही पांढरी बाटली कसली हो?"

त्यांना कुणी असं विचारलं की फार आवडायचं. कमरेवर हात ठेवून सुरू झाले.

"हे बघ. इंजिनाच्या पोटातनं पाणी फिरतंय. तिथली आग घेतं आन् म्होरं ह्या जाळीत येतं. हा रेडिएटर. हितं वारा लागतो, पाणी निवतं, परत पोटात जातं. आता मला सांग, तापल्यावर पाणी फुगणार का न्हाई?"

"उतू जातंय की दूध."

"तसंच. फुगलं की ह्या टोपणातली स्प्रिंग दबती, आन् जादाचं पाणी ह्या बारक्या नळीतनं बाटलीत येतं. संध्याकाळी गाडी निवली की आतलं पाणी आकसतं. मग टोपणाच्या मधोमध एक चकती हाय, ती उघडती, आन् बाटलीतलं पाणी माघारी आत ओढून घेतं. घोट घोट करून."

"म्हणजे बाहेर दिलं तेवढं परत?"

"तेवढंच. थेंब कमी न्हाई." त्यांनी बाटलीवरच्या दोन रेघांवर बोट फिरवलं. "ह्या दोन रेघांच्या मधी पाणी असलं की मानसानं खुशाल झोपावं."

आणि ते हात धुवायला मागं गेले.

मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. देवाला घातलेलं पाणी देवाजवळून तीर्थ होऊन परत यावं, तसं काहीसं. गाडीच्या कपाळाला आपण हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, मग तिच्या पोटात तीर्थ का नको? बाटलीचं झाकण नुसतं बसवलेलं होतं. मी उचललं आणि पळीभर तीर्थ आत सोडलं. तीर्थात हळदीच्या अक्षता होत्या. त्या हिरवट पाण्यात पाचसहा पिवळे दाणे हलत हलत खाली गेले आणि तळाला, नळीच्या तोंडाशी जाऊन बसले. मी हात जोडले. "ह्यांना सुखरूप ने, सुखरूप आण," म्हणाले.

ह्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

दर उन्हाळ्यात आमच्या वावरात धुळा धनगराच्या मेंढ्या बसतात. खत होतं म्हणून आम्हीच बोलावतो. धुळाची बायको सुंदरा रोज सकाळी आमच्या दारात यायची, तांब्याभर पाणी मागायची आणि उभ्या उभ्या प्यायची. तांब्या उंच धरून, मान मागं टाकून, घट घट घट, आणि शेवटी मोठ्यानं "हां" करायची. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

"वैनी, तुमचं देव लई हायेत बया," ती म्हणायची. "इतक्यांची उस्तवार करता, एकादा इसरला तर? माझा येकटा बिरोबा हाय, त्यालाच माझ्याच्यानं येळेवर काय मिळत न्हाई."

"अगं आत येऊन बस की जरा."

"नगं. माझ्या लुगड्याला मेंढराचा वास. तुमचं देव शिंकतील."

तृतीयेनंतर पाचव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, कडब्याच्या गंजीपाशी तिला घोणस चावली.

धुळानं तिला खांद्यावर टाकून आणलं. ह्यांनी हातातला घास ताटात टाकला आणि जीप काढली. मी मागं बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. धुळा तिच्या पायाशी. पौडला पोचलो की लस मिळेल, तासाभराच्या आत पोचलं की माणूस वाचतं, असं हे मोठ्यानं सांगत होते. धुळाला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. सुंदराचा पाय सुजून चालला होता, पण ती बोलत होती. "वैनी, मेंढरं येकटी हायेत," म्हणाली.

चढण लागली. अर्ध्या चढणीवर हे काहीतरी पुटपुटले. मग एक वास आला. गोडसर, काकवी करपल्यासारखा. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ वर आली आणि जीप हुंदका देऊन थांबली.

वैशाखातली ती दुपार अजून माझ्या कानात आहे. पाखरू नाही, पान हलत नाही. डांबर वितळल्याचा वास. आणि बॉनेटखाली खदखद, खदखद, चुलीवर आधण ठेवल्यासारखं.

धुळा म्हणाला, "उघडा की ते टोपण, पानी घाला!"

"आत्ता उघडलं तर समदं तोंडावर येईल. निवू द्यावं लागतंय, धुळा." ह्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "निवू द्यावं लागतंय..."

फोनला रेंज नव्हती. धुळा रेंज मिळते का बघायला टेकाड चढून पळाला. हे रस्त्याच्या मधोमध उभे, कुणी गाडी येते का बघत. आणि आम्ही वाट बघत बसलो, लोखंड निवायची.

गाडीत पाण्याचा एक कॅन होता, अर्धा भरलेला. तो माझ्या पायाशी होता.

"वैनी..." सुंदरा म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "पानी..."

साप चावलेल्याला पाणी देऊ नये, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. पण त्यामुळं मी थांबले, असं म्हणाले तर तेही पूर्ण खरं नाही. मला वाटलं, पाणी थोडं आहे आणि गाडी आधी. पाऊण तासानं ह्यांनी टॉवेलनं धरून टोपण सोडलं, आणि ओरडले, "कॅन दे! समदं लागंल!" मी दिला. सगळा दिला. रेडिएटरच्या तोंडात ते पाणी गडगड करत गेलं. सुंदरानं मान वळवून तो आवाज ऐकला. शेवटच्या थेंबापर्यंत ऐकला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं.

ती पौडच्या अलीकडेच गेली.

आठवड्यानं उरवड्याहून ऋषिकेश मिस्त्री गाडी बघायला आमच्या अंगणात आला. हे आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चहा घेऊन बाहेर गेले, तर तो टोपण उलटं धरून हसत होता.

"वहिनी, भात कुणी टाकलाय ह्याच्यात?"

मी चहाची बशी पायरीवर ठेवली.

"हे बघा की. दाणा शिजून फुगलाय. बरोबर ह्या मधल्या चकतीखाली बसलाय. बाटलीतनं ओढला गेला असणार. आता चकती मिटलीच न्हाई तर दाब कसा धरायचा? पाणी लौकर उकाळलं, बाटलीत आलं, बाटलीतनं रस्त्यावर. गाडी कोरडी." त्यानं नखानं दाणा उडवला. "येवढासा दाणा. पोरंटोरं खेळली असतील काय टाकत."

"असतील," मी म्हणाले.

एवढंच. एकच शब्द. तो गेल्यावर मी मातीतून तो दाणा शोधून काढला. पिवळाच होता अजून. कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून देवांमागं ठेवला.

गावात बोलणं चालू होतं. हैबतरावानं पाणी न बघता गाडी काढली. सव्वीस वर्षं रोज सकाळी बॉनेट उघडून त्या दोन रेघा बघणारा माणूस. हे कुणाला उत्तर देत नव्हते. जेवायला बसायचे, भातात हात घालायचे आणि तसेच बसून राहायचे. मी समोर बसून वाढायचे. रोज ठरवायचे, आज दिवा लावला की सांगायचं. दिवा लावायचे, आणि पोथी उघडायचे.

ऋषिकेशनं नवं टोपण बसवलं, नळी धुतली, बाटली वरच्या रेघेपर्यंत भरून दिली. पण ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. जीप गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली.

तिसऱ्या संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते, तेव्हा छपरातून आवाज आला. टिक... टिक... टिक... लांबचा पल्ला करून आलेली गाडी निवताना तिचं लोखंड वाजतं ना, तसा. मला वाटलं हे फिरवून आले असतील. घरात वळून बघितलं तर हे खाटेवर.

मी छपरात गेले. बॉनेटवर हात ठेवला.

हाताला गरम लागलं.

आत, अगदी हळू, घोट... घोट... घोट... आणि मग थांबलं.

सकाळी बॉनेट उघडलं तर बाटली खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. मी तांब्याभर पाणी घातलं तेव्हा ती वरच्या रेघेला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच खाली. बरोबर एक तांब्या. ऋषिकेशला बोलावलं. त्यानं जीपखाली पुठ्ठा टाकून बघितला, कोरडा ठक्क. तेल बघितलं, स्वच्छ. टोपण उघडलं, रेडिएटर तोंडोतोंड.

"गाडी तर चालवलीच न्हाई म्हणता. गळती न्हाई. आतबी जागा न्हाई." त्यानं डोकं खाजवलं. "मग वहिनी, पितंय कोण?"

तो हसला. मी हसले नाही.

त्यानंतर मी रोज पाणी घालू लागले. दिवेलागणीला तांब्या भरून न्यायचा, झाकण काढायचं, ओतायचं, मागं वळून न बघता यायचं. माझ्या इतर व्रतांसारखं तेही एक झालं. मनात म्हणायचे, घे बाई, पी. त्या दिवशी दिलं नाही, आता घे. कऱ्यातलं पाणी मेलेल्यांना पोचतं म्हणतात, मग हेही पोचत असेल. हळूहळू छपरात लोकरीचा वास यायला लागला. ओल्या लोकरीचा. मेंढ्या केव्हाच दुसऱ्या शिवारात गेल्या होत्या.

वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी माझ्यानं राहवलं नाही. पाणी ओतलं आणि तिथंच उभी राहिले. नळी दोन बोटांत धरली. काळ्या रबराची, करंगळीएवढी नळी. थोडा वेळ काही नाही. मग ती माझ्या बोटांत आवळली. ढिली झाली. पुन्हा आवळली. गळा गिळताना हलतो तशी. पाणी माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. घट... घट... घट...

आणि शेवटी, अगदी जवळून, "हां."

मला हात काढता येईना. "सुंदरा?" मी म्हणाले. "आणखी हवंय का गं...?"

मी कान नळीजवळ नेला. मग नळीच्या आतून, लांबून, विहिरीत वाकून कुणी बोलावं तसं:

"वैनी... बोला की..."

मी घरात आले तेव्हा हे खाटेवर उठून बसले होते. महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलले.

"उद्या धुळाच्या वाड्यावर जातो. पाय धरतो त्याचे. म्हणतो, तुझी बायको म्या मारली. मग तो करंल ते करंल. हे असं गिळून न्हाई जगता येत."

रात्रभर मी जागी होते. वडाला सात फेरे घालून याच माणसासाठी मी आयुष्य मागणार होते, आणि तोच माणूस माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या पायावर पडायला निघाला होता. देव भोळा असतो, पण इतकाही नसावा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं निघालो. मी डबी कमरेला खोचली होती. धुळाचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, आता ओढ्यापलीकडच्या वावरात होता. मेंढ्या नुकत्याच परतलेल्या, त्यांची बें बें चाललेली. धुळा घोंगडीवर बसला होता. आम्हाला बघून उठला.

हे खाली वाकायला लागले. "धुळा, माझ्या हातनं..."

"थांबा," मी म्हणाले. आणि डबी उघडून त्या दोघांच्या मधे धरली.

सगळं सांगितलं. पळी, तीर्थ, अक्षता, मिस्त्रीला म्हणालेला एक शब्द. ह्यांच्या नावावर महिनाभर चालू दिलेलं बोलणं. आणि कॅन. कॅनचं डबीकडे बघतच सांगितलं. "एक घोट ठेवला असता तरी गाडी चालली असती, धुळा. तिनं मागितलं होतं. मी नाही दिलं."

हे त्या दाण्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मला ठावं होतं."

मी वळून बघितलं.

"त्याच दिवशी. टॉवेलनं टोपण काढलं तवा रबराला पिवळं दाणं चिकाटलेलं. पुसून टाकलं. येक ऱ्हायला असंल." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हनलं, तुला कळलं तर तू न्हाई जगायचीस. त्यापरीस माझ्या नावावर असू दे."

एकाच घरात, एकाच ताटापुढं, दोघंही तेच गिळत बसलो होतो. मला रडूही येईना.

धुळा पुढं आला. मेंढ्या एकाएकी गप्प झाल्या होत्या. त्यानं डबी माझ्या हातातून घेतली, दाणा बघितला, आणि डबी परत माझ्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाला, "वैनी, ती सांगत व्हतीच. कायतरी मनात हाय म्हनून."

"कोण?"

"सुंदरा. येती की रोज, दिवं लागलं की. पदराचं टोक वलं असतंय. म्या इचारलं, कुटं गेलतीस? म्हनती, वैनीकडं पानी प्यायला." त्यानं ओढ्याकडे बघितलं. "म्या म्हनलं, मंग आत बसलीस का? तर म्हनती, न्हाई. वैनी पानी देती, पन बोलत न्हाई. बोलल्याबिगर कुनाच्या घरात कसं शिरायचं?"

ह्यांनी माझा दंड धरला. घट्ट.

"आता बोललासा न्हवं," धुळा म्हणाला. आणि महिन्याभरात कुणी माझ्याशी हसलं नव्हतं तसा तो हसला. "बरं झालं. आता काय तिला भाईर उभं ऱ्हावं लागायचं न्हाई."

आम्ही परतलो तेव्हा डोंगरामागं उजेड थोडाच राहिला होता. वाटेत ह्यांनी माझा दंड सोडला नाही. पण खरं सांगते, भीतीइतकंच मला हलकंही वाटत होतं. वाटलं, देवानं ऐकलं. उद्यापासून हे जेवतील. कदाचित किल्ली खुंटीवरून काढतील. आपल्या हातून झालेलं फिटत नाही, पण बोललं तर निवतं, एवढं तरी देव माणसाला देत असेल.

ह्यांनी कुलूप काढलं आणि आत गेले. मी अंगणात तुळशीपाशी थांबले. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. वात धरेपर्यंत आतून ह्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. हळू, अदबीचा. दारात कुणी आलं की ते बोलतात तसा. मला वाटलं, फोन आला असेल.

मग त्यांनी आतूनच मला हाक मारली. आवाजात जरासा दटावल्याचा सूर होता, पण प्रेमानं.

"अगं, तू पण काय! पहिल्यांदा घरात बसलीय, आन् नुसतं पाणीच दिलंस व्हय हिला? गुळाचा खडा तरी ठेवायचास तांब्यासंगं!"

माझ्या हातात जळती काडी होती. मी अजून उंबरा ओलांडला नव्हता.